सोलापुरातून जगभरच्या कर्मचाऱ्यांच्या नोंदी सांभाळताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातील यंत्रमाग, गणवेश आणि साखर उद्योगांच्या आस्थापना विभागांत वर्षानुवर्षे हजेरी व पगारपत्रक सांभाळलेले अनेक जण, तसेच येथील महाविद्यालयांतून नुकतेच बाहेर पडलेले विद्यार्थी, बहुराष्ट्रीय कंपन्यांतील मनुष्यबळ माहितीच्या कामाविषयी मला विचारतात. मी हेच काम करते. आमचे कर्मचारी भारत, जर्मनी, ब्रिटन, ब्राझील आणि अमेरिका येथे आहेत आणि त्यांच्या नोंदींचा बराचसा भार सोलापुरातील आमचा गट वाहतो. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

या कामात नेमके काय करावे लागते?

माणूस रुजू झाल्यापासून सेवेतून बाहेर पडेपर्यंत, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, त्याच्याविषयीची प्रत्येक नोंद अचूक ठेवणे आणि ती ज्यांना आवश्यक आहे त्यांनाच दिसेल अशी व्यवस्था राखणे, हे आमचे काम आहे. नाव, जन्मतारीख, पद, वरिष्ठ, विभाग, वेतन, रजा आणि बँक खाते ही मूळ नोंद वर्कडे, एसएपी सक्सेसफॅक्टर्स किंवा ओरॅकल यांसारख्या एखाद्या प्रणालीत असते. तेथून ती पगार, हजेरीयंत्र, ईमेल, प्रवेशपत्र, विमा अशा अनेक प्रणालींकडे आपोआप जाते. त्यामुळे मूळ नोंदीत एक अक्षर चुकले, तरी ती चूक रात्रीतून सगळीकडे पोहोचते.

माझे आजोबा सोलापूरच्या एका कापडगिरणीत बदली कामगार होते. त्यांचा पास अजून घरात आहे. त्यावर तिकीट नंबर, खात्याचे नाव आणि वयाच्या जागी ‘अंदाजे २०’ असे लिहिलेले आहे. आज आम्ही ज्या नोंदी ठेवतो, त्यांचे मूळ रूप त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर जवळजवळ संपूर्ण आहे. पासवरच्या मजकुरात फरक आढळला, तर आजोबा मुकादमासमोर उभे राहून तो दाखवू शकत होते. आजच्या कामगाराची नोंद दुसऱ्या देशातील संगणकावर असते आणि ती चुकली आहे हे त्याला पगार आल्यावरच कळते. म्हणून ती नोंद हाताळणाऱ्या माणसाची जबाबदारी पूर्वीपेक्षा वाढली आहे, असे मी मानते.

सर्व देशांसाठी एकच प्रणाली असावी, की प्रत्येक देशाची वेगळी?

मूळ नोंद एकाच प्रणालीत ठेवावी आणि पगाराचा हिशेब ज्या त्या देशात करावा, असा माझा स्पष्ट कौल आहे. माणूस, पद, वरिष्ठ आणि विभाग या कल्पना सर्वत्र सारख्या लागू होतात. पगाराचे नियम मात्र कोणत्याही दोन देशांचे जुळत नाहीत.

आपल्याकडचेच पाहा. भविष्य निर्वाह निधीत कर्मचारी १२ टक्के भरतो आणि मालकही तेवढेच भरतो. परंतु मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेत आणि ३.६७ टक्के निधीत जातात आणि निवृत्तिवेतनाचा भाग साधारणपणे १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर मोजला जातो. राज्य कामगार विम्याची वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे. महाराष्ट्रात व्यवसाय कर साधारणपणे अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जातो, म्हणजे वर्षाचे २,५०० रुपये होतात. जर्मनीतील सहकाऱ्याला हे फेब्रुवारीचे वाढीव १०० रुपये दरवर्षी चूक वाटतात आणि दरवर्षी आम्हाला ते समजावून सांगावे लागतात. त्याच सहकाऱ्याच्या वेतनपत्रकात चर्चचा कर असतो. तो बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग येथे प्राप्तिकराच्या ८ टक्के आणि उर्वरित राज्यांत ९ टक्के असतो. आमच्यातील नवख्यांना तो कर चूक वाटतो. ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते. ब्राझीलमध्ये कायद्याने तेरावा पगार द्यावा लागतो आणि त्याचे दोन हप्ते ३० नोव्हेंबर व २० डिसेंबरपर्यंत चुकते करावे लागतात. दिवाळीचा किमान ८.३३ टक्के बोनस म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा असतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तेरावा पगार लगेच कळतो.

भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांनी वेतनाची व्याख्या बदलली आहे. वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरचा भाग वेतनातच धरावा लागतो. नोंदींच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की प्रत्येक भत्त्यापुढे तो वेतनात धरायचा की वगळायचा ही खूण आधीपासून असली पाहिजे. ज्यांनी गेली अनेक वर्षे सगळे काही ‘इतर भत्ते’ या एका रकान्यात टाकले, त्यांना आता एकेका माणसाचा पगार उलगडत बसावे लागते.

नाव लिहिण्यात अवघड ते काय?

सर्वाधिक चुका मी नावांतच पाहिल्या आहेत, म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर देते.

जागतिक प्रणालींत साधारणतः दोन रकाने सक्तीचे असतात : स्वतःचे नाव आणि कुळाचे नाव. मराठी माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन नावे लिहितो. सोलापुरात तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहतात आणि एकाच कारखान्यात चार रीतींची नावे एकत्र येतात. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली कुटुंबांत घराण्याचे नाव आधी येते. शाळेच्या दाखल्यावर ते मराठी रीतीने शेवटी जाते, तर आधारवर ते नुसते एक आद्याक्षर होऊन राहते. शेख कुटुंबात ‘शेख’ हा शब्द घरी नावाआधी आणि कचेरीत नावानंतर येतो. अक्कलकोटकडच्या कन्नड कुटुंबांत गावाचे नाव आडनाव होते आणि मठाचे नावही होते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रीची दहावीची गुणपत्रिका, पॅन आणि बँकेचे पासबुक यांवर तीन वेगवेगळी नावे असू शकतात आणि ती तिन्ही नावे खरी असतात.

येथे एक लहानशी तपासणी उपयोगी पडते. व्यक्तीच्या पॅनमधील चौथे अक्षर ‘पी’ असते आणि पाचवे अक्षर पॅन देताना आडनाव म्हणून नोंदलेल्या शब्दाचे पहिले इंग्रजी अक्षर असते. समजा, अर्जावर घराण्याचे नाव ‘बोल्ली’ असे लिहिले आहे आणि पॅनचे पाचवे अक्षर ‘व्ही’ आहे, तर बहुधा ‘व्यंकटेश’ हे नाव आडनावाच्या रकान्यात गेलेले असते. रुजू होण्याच्या दिवशी त्या माणसाला समोर बसवून हे विचारले, तर पाच मिनिटांत उलगडा होतो. तेच पंधरा वर्षांनी निधीच्या दाव्याच्या वेळी लक्षात आले, तर सहा महिने जातात.

परदेशांतील नावांनाही हाच न्याय लावावा. स्पॅनिश नावात दोन आडनावे असतात आणि दुसरे गाळायचे नसते. हंगेरी आणि चीनमध्ये कुळाचे नाव आधी येते. इंडोनेशियात अनेकांना एकच नाव असते. अशा वेळी सक्तीचा रकाना भरण्यासाठी कोणी टिंब टाकतो, कोणी तेच नाव दोनदा लिहितो. आणि अमेरिकी व्हिसावर एकच नाव असलेल्या माणसाच्या दुसऱ्या रकान्यात ‘एफएनयू’, म्हणजे ‘स्वतःचे नाव अज्ञात’, अशी अक्षरे येतात. ती अक्षरे नाव समजून आमच्याकडे भरली गेलेली मी पाहिली आहेत. त्या व्यक्तीला सहा महिने ईमेलमधून त्याच अक्षरांनी हाक मारली जात होती. कायदेशीर नाव आणि हाक मारण्याचे नाव यांसाठी स्वतंत्र रकाने ठेवावेत आणि कोणत्याही नावाचा क्रम प्रणालीच्या सोयीसाठी बदलू नये, हे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगते.

आमच्या यादीत १ जून या जन्मतारखेचे इतके कर्मचारी कसे?

परदेशातील तपासनीस हा प्रश्न हमखास विचारतो. त्याला वाटते, की रिकामा रकाना भरण्यासाठी कोणीतरी एकच तारीख टाकली असावी. खरे कारण असे, की पूर्वी घरी जन्मलेल्या मुलाची तारीख पालकांना ठाऊक नसे आणि जूनमध्ये शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून ही तारीख लिहीत. तीच तारीख दाखल्यावर, तेथून आधारवर आणि निधीच्या खात्यावर गेली. कायद्याच्या दृष्टीने तीच त्यांची जन्मतारीख आहे आणि निवृत्तीची तारीखही तिच्यावरूनच ठरते. म्हणून तिला ‘संशयास्पद’ अशी खूण लावू नये. स्थानिक माहिती असलेला माणूस गटात असण्याचा उपयोग काय, असे कोणी विचारले, की मी हेच उदाहरण देते.

तारखांबाबत कोणती काळजी घ्यावी?

पहिली गोष्ट लेखनाची. ०३/०४ ही तारीख सोलापुरात ३ एप्रिल असते आणि अमेरिकेत ४ मार्च. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. त्यात गोंधळाला जागा राहत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. प्रत्येक बदलाला दोन तारखा असतात : बदल ज्या दिवसापासून लागू होतो ती आणि तो प्रणालीत नोंदवला गेला ती. १ एप्रिलपासूनची पगारवाढ २० जूनला नोंदवली, तर एप्रिल आणि मे महिन्यांची थकबाकी निघाली पाहिजे. त्यासाठी जुनी ओळ पुसून तिच्या जागी नवी लिहू नये. जुनी ओळ ३१ मार्चला संपवावी आणि १ एप्रिलपासून नवी सुरू करावी. जुने आकडे पुसले गेले, तर त्या माणसाला मार्चमध्ये किती पगार होता हे पुढे कोणालाही सिद्ध करता येत नाही.

वेळेचा फरकही ध्यानात ठेवावा. हिवाळ्यात सोलापुरात सकाळचे नऊ वाजलेले असतात, तेव्हा शिकागोत आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. तेथील कर्मचाऱ्याच्या सेवासमाप्तीची नोंद आपण ‘आज’ म्हणून केली आणि प्रणालीने येथील घड्याळ धरले, तर तो माणूस रात्रपाळीत काम करत असतानाच त्याचे खाते बंद होऊ शकते.

एक्सेलमध्ये काम करणे इतके वाईट आहे का?

एक्सेल चांगले साधन आहे आणि मी ते रोज वापरते. परंतु त्याला क्रमांक आणि संख्या यांतील भेद कळत नाही. कर्मचारी क्रमांकाच्या आरंभीची शून्ये ते गाळते आणि १५ अंकांनंतरच्या अंकांच्या जागी शून्य लिहिते.

पूर्वीच्या एका नोकरीत जानेवारीच्या पगाराची यादी बँकेला पाठवण्याआधी मी ती फाइल फक्त पाहण्यासाठी उघडली आणि सवयीने जतन केली. काही कामगारांचे बँक खाते क्रमांक १६ अंकी होते. त्या सर्वांचा शेवटचा अंक शून्य झाला आणि रकमा परत आल्या. गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापुरातील सिद्धेश्वराची जत्रा, सुरू होती. एक बाई विभागाच्या दारात येऊन म्हणाल्या, “मॅडम, पोरांना गड्ड्यावर न्यायचं म्हणून सांगून आलेय.” पगार दोन दिवसांनी जमा झाला. तेव्हापासून खाते क्रमांक, कर्मचारी क्रमांक आणि आधार यांचे रकाने मी आधी ‘मजकूर’ म्हणून ठरवते आणि मगच फाइल आत घेते. पाठवण्यापूर्वी मूळ यादी आणि जाणारी यादी यांची बेरीज नव्हे, तर एकेक ओळ जुळवून पाहते, कारण त्या दिवशी पगाराची बेरीज बरोबरच होती. देवनागरी किंवा जर्मन अक्षरे असलेली फाइल यूटीएफ-८ या, सर्व लिपींची अक्षरे जपणाऱ्या, पद्धतीतच जतन करावी, हे ओघाने आलेच.

कर्मचारी क्रमांक म्हणून आधार वापरावा का?

नाही. कर्मचारी क्रमांक ईमेलमध्ये, प्रवेशपत्रावर आणि हजेरीच्या यादीत सर्वांना दिसतो. आधार तसा दिसता कामा नये. शिवाय तो क्रमांक अन्य देशांतील कर्मचाऱ्यांकडे नसतो. अर्थ नसलेला, पुन्हा कोणालाही न दिला जाणारा क्रमांक सर्वोत्तम होय.

कोणाची माहिती कोणी पाहावी?

ज्याच्या कामासाठी जेवढी लागते, त्याने तेवढीच पाहावी. जर्मनीत पगार काढणाऱ्याला चर्चच्या करासाठी कर्मचाऱ्याचा धर्म ठाऊक असावा लागतो. सोलापुरात बसून त्याच कर्मचाऱ्याचे पदनाम बदलणाऱ्याला तो ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही. युरोपच्या जीडीपीआर, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या, कायद्यात धर्म, आरोग्य आणि कामगार संघटनेचे सदस्यत्व यांना विशेष संरक्षण आहे. हा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि गंभीर भंगासाठी २ कोटी युरो किंवा जगभरातील वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जास्त असेल तेवढ्यापर्यंत दंड होऊ शकतो.

अनेकांना न पटणारी एक गोष्ट सांगते. युरोपातील कर्मचाऱ्याची नोंद सोलापुरातील पडद्यावर नुसती उघडली, तरी ती माहिती युरोपबाहेर गेली असे धरले जाते. भारताच्या माहिती-संरक्षणाच्या व्यवस्थेला युरोपीय आयोगाने ‘पुरेशी’ असल्याची मान्यता दिलेली नाही. त्यामुळे कंपनीच्या तेथील आणि येथील संस्थांमध्ये सहसा त्या आयोगाने जून २०२१ मध्ये ठरवून दिलेली प्रमाणित करारकलमे असावी लागतात. माहिती फुटल्यास नियामकाला साधारणपणे ७२ तासांत कळवावे लागते. हे तास शनिवार-रविवार धरून मोजतात, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी चुकीच्या पत्त्यावर गेलेली यादी त्याच संध्याकाळी वरिष्ठांना सांगावी.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. नोकरीसाठी आवश्यक त्या कामाकरिता प्रत्येक वेळी संमती घ्यावी लागत नाही. जेथे ती घ्यावी लागते, तेथे सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या सोलापूरच्या चारही भाषा त्या अनुसूचीत आहेत. मला या तरतुदीचे मनापासून अप्रूप वाटते. ज्या कागदावर सही करायची, तो आपल्या भाषेत वाचायला मिळणे ही आमच्या मागील पिढीच्या वाट्याला न आलेली गोष्ट आहे.

एकूण कर्मचारी किती, या प्रश्नाला तीन विभाग तीन उत्तरे का देतात?

कारण तिघांची मोजणी वेगळी असते. वित्त विभाग अर्धवेळ काम करणाऱ्या दोघांना एक धरतो, आम्ही दोन माणसे धरतो आणि सुरक्षा विभाग कंत्राटी कामगारांसह दिलेली प्रवेशपत्रे मोजतो. प्रत्येक अहवालाच्या माथ्यावर व्याख्या आणि तारीख छापावी.

नवी प्रणाली घेताना सर्वांत जास्त वेळ कशाला द्यावा?

जुन्या नोंदी स्वच्छ करण्याला, आणि त्यानंतर दोन्ही प्रणालींतून पगार काढून रुपयापर्यंत ताडून पाहण्याला. किमान दोन महिन्यांचे पगार असे काढावेत आणि प्रत्येक फरकाचे कारण लिहून ठेवावे. ‘रक्कम पूर्णांकात केल्यामुळे असेल’ हे कारण मी स्वीकारत नाही. एकदा त्याआड विनावेतन रजेचे दिवस मोजण्याची चूक सापडली होती. दिवाळीचा महिना आणि मार्च-एप्रिल टाळावेत. जर्मनीत, कर्मचाऱ्यांच्या वर्तनावर किंवा कामावर लक्ष ठेवू शकेल अशी कोणतीही तांत्रिक सोय सुरू करण्याआधी कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या कामगार परिषदेची सहमती लागते. ती चर्चा शेवटच्या आठवड्यावर ढकलल्यामुळे रखडलेले प्रकल्प मी पाहिले आहेत.

नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नोंदीला इतके महत्त्व का?

कारण तिची गरज त्याला म्हातारपणी पडते. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्तिवेतन मिळण्यासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. नोकरी सोडल्याची तारीख निधीच्या खात्यात नोंदली नसेल, तर रक्कम हस्तांतरित करणे किंवा काढणे अडते. कर्मचाऱ्याला ती तारीख शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी स्वतः ऑनलाइन नोंदवता येते. परंतु ज्याने आयुष्यभर मागावर काम केले, त्याच्याकडून ही अपेक्षा करणे मला योग्य वाटत नाही. बंद पडलेल्या कारखान्यांतील वृद्ध कामगार नावातील एका अक्षरासाठी किंवा नसलेल्या तारखेसाठी कापडी पिशवीत कागद घेऊन फिरताना मी लहानपणापासून पाहिले आहेत. म्हणून आमच्या गटात शेवटच्या पगाराची फाइल बंद करण्यापूर्वी सोडल्याची तारीख, कारण आणि आधारप्रमाणे नाव, या तीन गोष्टी दोघे जण स्वतंत्रपणे तपासतात.

कर्मचाऱ्याने स्वतःहून चूक दाखवली, तर काय करावे?

आधी त्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत टिपून घ्यावे, कोणता कागद त्याच्याकडे आहे ते विचारावे आणि दुरुस्ती मूळ प्रणालीतच करावी. फक्त पगाराच्या प्रणालीत नाव सुधारले, तर रात्री मूळ प्रणालीतून जुने नाव पुन्हा येते आणि माणसाला वाटते, की आपले कोणी ऐकलेच नाही. दुरुस्ती झाल्यावर ती पुढील सर्व ठिकाणी पोहोचली का, हे दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे. त्यानंतर त्या कर्मचाऱ्याला फोन करून, पडद्यावर आता काय लिहिलेले दिसते, ते अक्षर अन् अक्षर वाचून दाखवावे.